सर्वपित्रीपर्यंत पायलट

२५ जून, मंगळवार. संध्याकाळी ७.

ठरलं. पायलट.

तारीख आधीच लिहून ठेवतो. पुढं इंटरव्ह्यूत कुणी विचारलं की निर्णय कधी घेतला, तर अडखळायला नको. निर्णय राजूरच्या गणपतीच्या रांगेत झाला. अंगारकी होती, रांग बाहेर रस्त्यापर्यंत आल्ती. सोबत बायको साधना आणि दैवशालाकाकू. काकू म्हंजे माझी सख्खी चुलती, आष्टीला राहते. माझी आई लवकर गेली, तवा काकूच्याच हातचं खाऊन मी दहावी काढली. दोनदा बसून.

काकूचा एकुलता एक पोरगा आदिनाथ. दोन वर्षाखाली जालना रोडला गाडीवर गेला. सकाळी ड्युटीला निघाल्ता, टेंपोनं उडवलं. चोवीस वर्षांचा होता. त्याला पायलट व्हायचं होतं.

रांगेत काकू म्हणाली, देवाला मागायला काही सुचून न्हाई राह्यलं, आदिनाथचं तर सगळंच राह्यलं. माझ्या तोंडातून निघालं, ते मी करतो काकू. तिनं विचारलं, काय करतो. मी म्हणलं, पायलट होतो.

दोन वर्षांत ती पहिल्यांदा हसली. दर्शन झाल्यावर प्रसादाचं नारळ फोडता फोडता म्हणाली, आदिनाथच्या वाट्याचं चार एकर रान हाय, ते मोडून तुला शिकवते, पण पक्कं सांग. सर्वपित्री अमावस्येपर्यंत टाइम दिला. त्या दिवशी मी हो म्हणलं की रानाला गिऱ्हाईक बघायचं.

साधना मंठ्याला घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली न्हाई. अभिमान वाटला असणार.

नोंद: हा निर्णय फक्त माझ्या करिअरसाठी हाय. आदिनाथचा याच्याशी बिलकुल संबंध न्हाई.

२६ जून, बुधवार. सकाळी ११, दुकान.

प्लॅन तयार. वय तीस. वरची लिमिट न्हाई, दोन वेबसाइटवर बघितलं. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. माझी बारावी आर्ट्सची. हरकत न्हाई, ओपन स्कूलमधून तेवढेच दोन विषय देता येतात. दोन विषय म्हंजे चार महिने. तीन धरू.

टाइमटेबल: पाचला उठणे. पाच ते सहा मॅथ्स. सहा ते सात पळणे. सात ते आठ इंग्लिश. इंग्लिशचं टेन्शन न्हाई. पायलट तीनच गोष्टी बोलतो: नमस्कार, बाहेरचं टेम्परेचर, पट्टा बांधा. आणि आवाज मला देवानंच दिलाय. मंठ्याच्या गणपतीत हरवलेल्या लेकरांची अनाउन्समेंट सात वर्ष मीच करून राह्यलो. एकही लेकरू परत मिळालं न्हाई असं झालं न्हाई.

शिवाय कागदपत्रांची सवय. माझं ऑनलाईन सेंटर हाय. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, भरतीचे फॉर्म. तालुक्यातले निम्मे पोलीस माझ्या कीबोर्डवरून गेले. मंग एक पायलट पण जाईल.

साधनानं विचारलं की लग्नाच्या आधी जत्रेत आकाशपाळण्यात बसून थांबवा थांबवा म्हणून कोण रडलं होतं. ते वारं डोळ्यात गेल्तं.

२७ जून, गुरुवार.

उठलो ८.४०. अलार्म वाजला असणार.

३० जून, रविवार. आष्टीहून आल्यावर.

रविवारी दुकान बंद, म्हणून काकूकडं गेल्तो. तिनं पाटावर बसवून विचारलं, एवढं लोखंड वर जातं तरी कसं. सकाळी मी एक व्हिडिओ बघितल्ता, ते सगळं सांगितलं. पंखावरची हवा, खालची हवा. काकू हनुवटीला हात लावून ऐकत होती. मधी एकदा विचारलं, पायलटला जेवायला वेळ भेटतो का. मी म्हणलं, दोघं असतात, एक जेवतो, एक चालवतो. हे मी अंदाजानं सांगितलं, पण असंच असणार.

रखमाजीकाका, म्हंजे आदिनाथचे वडील, विमानाचा विषय निघाला की उठून गोठ्यात जातात. आदिनाथ गेल्यापासून त्यांनी घरात त्याचं नाव बंद करून टाकलं. फोटो कपाटात. गल्लीतले लोक पण काकूसमोर त्याचं नाव घेत न्हाईत, जखम उकरायची कशाला म्हणून. आज पण काका उठून गेले. टेक्निकल विषयाचा कंटाळा असतो माणसाला.

निघताना काकू म्हणाली, पुढल्या रविवारी उतरायचं कसं ते सांग.

४ जुलै, गुरुवार. दुपारी ३.१५.

पीक विम्याचा सीझन. दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई. बाकड्यावर आदिनाथ बसल्ता.

निळी प्लास्टिकची फाईल मांडीवर, पाय जोडून, माझा नंबर कवा येतो अशा नजरेनं बघत. मी समोरच्या माणसाचं आधार कार्ड घेतलं, अंगठा लावायला सांगितला. मान वर केली, तर तिथं एक म्हातारी.

उन्हानं होतं असं. रात्री झोप पण कमी झाली होती. आठच तास.

एक गोष्ट मात्र चांगली. पायलटला नजर लागते. माझी नजर अशी पक्की की नसलेला माणूस पण बराबर दिसतो.

८ जुलै, सोमवार.

परत आल्ता. फाईल तीच. गिऱ्हाईक असतं तर म्हणलं असतं, साहेब उद्या या. ह्याला काय म्हणावं. बाकडं उचलून बाहेर फुटपाथवर ठेवलं.

९ जुलै, मंगळवार.

लोक म्हणाले, उन्हात बसवता का आम्हाला. बाकडं परत आत घेतलं. चौघांनी मिळून उचललं तरी जड लागलं. लाकूड जुनं हाय, पाणी पिलं असणार.

मॅथ्स: उद्यापासून.

१६ जुलै, मंगळवार.

शेजारचे कापडवाले हुकमचंदशेट चहाला घेऊन गेले. साधनानं सांगितलं असणार, न्हाई तर ह्यांना कसं कळलं. शेटजींच्या तीन पिढ्या इथं गेल्या, पण हिशोब अजून राजस्थानी. विचारलं, संपतराव, विमान किती फुटावरून जातं. मी म्हणलं, पस्तीस हजार. ते म्हणाले, मागल्या गणपतीत आमच्या दुकानावर माळ लावायची होती, नऊ फुटाची शिडी होती, तुम्ही खाली उभं राहून शिडी धरली आणि तरी तुम्हाला घाम फुटला.

शिडी धरणं ही जबाबदारीची गोष्ट हाय. हे व्यापाऱ्याला कळणार न्हाई.

तरी एकदा उंचीची टेस्ट घेऊन टाकतो. विषयच संपेल.

२२ जुलै, सोमवार. दुपारी ४.

टेस्ट झाली. पास म्हणायला हरकत न्हाई.

शेटजींच्या बिल्डिंगच्या मागं गच्चीवरच्या टाकीला जायला लोखंडी शिडी हाय, भिंतीत गाडलेली. तीन मजले. कुणाला न सांगता चढलो. दोन मजले आरामात. मंग सहज खाली बघितलं. तिथून पुढं हात निघेनात. किती वेळ गेला माहीत न्हाई, पण नळाला पाणी येऊन गेलं. वर जाता येईना, खाली येता येईना. ओरडावं म्हणलं तर मंठ्यात सगळे ओळखीचे.

मंग कुणीतरी खालून घोटा धरला. हळूच उचलला आणि खालच्या पायरीवर ठेवला. मंग दुसरा. लई सावकाश, बैलाला पहिल्यांदा नाल मारतात तवा धरतात तसा. असं करत करत खालपर्यंत आणलं. माझे डोळे झाकलेलेच होते. मधी एकदा आवाज आला, खाली बघू नको संपतभाऊ.

जमिनीला पाय लागल्यावर डोळे उघडले. मागं कुणीच न्हाई. शेटजी पार तिकडं दारात उभं राहून विचारत होते, एकटे काय करून राह्यले इकडं.

संपतभाऊ म्हणणारा मला एकच माणूस होता. बाकी सगळे संपतराव, न्हाई तर ए संपत.

अंग गरम हाय. व्हायरल असणार. साथ हाय.

२ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी ४.३०.

आज ओपन स्कूलचा फॉर्म भरायला बसलो. स्वतःचा. नाव, वडिलांचं नाव, फोटो, सही, सगळं अपलोड. दिवसाला साठ फॉर्म भरणारा माणूस मी, मला काय. शेवटी सबमिटवर बाण नेला आणि बोट दाबेना.

बाकड्यावर तो बसल्ता. पहिल्यांदाच उभा राह्यला. फाईल हातात घेऊन काउंटरपर्यंत आला आणि माझ्या स्क्रीनकडं बघत राह्यला.

लॅपटॉप बंद केला. साधनाला सांगितलं, सर्व्हर डाऊन हाय.

तिनं विचारलं, मंग शेजारच्या पोरीची हॉल तिकिटाची प्रिंट आत्ता कशी निघाली. प्रत्येक साइटचा सर्व्हर वेगळा असतो, हे बायकांना समजावून सांगणं अवघड हाय.

आदिनाथच्या वेळी पण सर्व्हरच डाऊन होता. हे लिहून ठेवतो. मार्च २०२२. फ्लाइंग अकॅडमीच्या एन्ट्रन्सचा फॉर्म. शेवटची तारीख, संध्याकाळी पाचपर्यंत. सगळे कागद त्याच निळ्या फाईलमधी माझ्याकडं देऊन गेल्ता. फॉर्म गेला न्हाई. सर्व्हर डाऊन होता. त्यात माझा काही दोष न्हाई.

११ ऑगस्ट, रविवार. आष्टी.

उतरायचं कसं ते तीन रविवार सांगून झालं. आता काकूला चाकं कवा बाहेर काढायची ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत हाय. आज तिनं पेटीतून आदिनाथचा पांढरा शर्ट काढला. फॉर्मवरचा फोटो काढायला घेतलेला, त्याला इस्त्री करून ठेवलेली. म्हणाली, घालून बघ.

वरची तीन बटनं लागली. पोटावरची लागली न्हाईत. काकूनं दोन्ही बाजू धरून ओढल्या, मी श्वास आत घेतला, तरी चार बोटं फट राह्यली. मी म्हणलं, पळायला सुरू केलं की बसेल. ती म्हणाली, बसेल. मंग त्याच फटीत तळहात ठेवून उभी राह्यली. मला श्वास सोडता येईना.

उद्यापासून पळणे.

२० ऑगस्ट, मंगळवार.

फिजिक्सचं गाईड: पान ३. पळणे: गुडघा. गाईड दोन दिवस झाले सापडत न्हाई, त्यामुळं अभ्यास थांबला. माझी तयारी होती.

२३ ऑगस्ट, शुक्रवार.

गाईड सापडलं. बाकड्यावर. मी तिथं ठेवलं न्हाई, साधनानं ठेवलं न्हाई. पान ४१ ला घडी घातलेली आणि दोन गणितं पेन्सिलनं सोडवलेली. उत्तरं मागं बघितली. बराबर हायेत.

आधीच्या कुणाचं तरी असणार. पण गाईड मी नवं आणल्तं.

कपाटात ठेवून कुलूप लावलं.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा.

दोन दिवस पाऊस थांबून न्हाई राह्यला, तरी आष्टीला गेल्तो. काका ओल्या अंगणात बैल रंगवत होते. काकूनं मला ओट्यावरच धरलं, ढगातून विमान नेतात का बाजूनं. मी म्हणलं, रडार असतं. काकांनी ब्रश खाली ठेवला. दोन वर्षांत ह्या विषयावर ते पहिल्यांदा बोलले. विचारलं, काय मांडलंय तुम्ही दोघांनी हे. काकू म्हणाली, आदिनाथचं काढलंय. त्यांनी बैलाच्या शिंगाला एकाच जागी तीनदा हिंगुळ लावला आणि आत निघून गेले.

मला वाटतं त्यांना पण हळूहळू इंटरेस्ट येऊन राह्यला.

येताना ठरवलं की रानाचा विषय काढायचा न्हाई. ती मोडणार म्हणते तर मोडू दे. मी तिला परत फेडीन. पायलटचा पगार ऐकून हाय मी.

परतूरच्या पुढं गाडी थांबवली. रस्त्याच्या कडंला पाऊण तास बसलो. चार एकर हाय ते. काकू त्याच्यात कापूस लावते. उन्हाळ्यात एकटी दगड वेचते.

१८ सप्टेंबर, बुधवार. दुपारी १.

आजपासून पित्तरपाठ लागला. काकूचा फोन आला. आमच्याकडं पित्तरं घालतात तवा गेलेल्याच्या नावानं जिवंत माणूस जेवायला बसवतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात, टोपी-उपरणं देतात, आणि तो पोटभर जेवला की गेलेला जेवला असं धरतात. शक्यतो त्याच वयाचा, त्याच अंगलटीचा बघतात. काकू म्हणाली, सर्वपित्रीला आदिनाथच्या नावानं तू बस. काका म्हणून राह्यलेत की लहान्याचं मोठ्यांनी घालायचं नसतं. तिनं ऐकलं न्हाई.

मी म्हणलं, काकू, मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, आणि शर्ट पण बसत न्हाई. ती म्हणाली, बसतोस.

आणि त्याच दिवशी पायलटचं हो का न्हाई ते सांगायचं.

फोन ठेवला. बाकड्याकडं बघितलं न्हाई. बघायची गरज राह्यली न्हाई, तो हाय का न्हाई ते आता पाठीला कळतं.

२२ सप्टेंबर, रविवार.

आष्टीला गेलो न्हाई. पोट बिघडलं. काकूनं तीन फोन केले. उचलले न्हाईत. चौथा आला तवा साधनानं उचलला आणि माझ्याकडं बघत सांगितलं की झोपलेत. मंग मला विचारलं, तुम्ही त्या पोराला एवढं का भिता. मी म्हणलं, कुठल्या पोराला. ती म्हणाली, दुपारी बाकड्यासमोर पाण्याचा ग्लास कुणासाठी ठेवता.

गिऱ्हाईकासाठी ठेवतो. पुरतं ऊन गेलं न्हाई अजून.

२९ सप्टेंबर, रविवार. दुपारी २. दुकान बंद, आत एकटा.

सर्व्हर डाऊन नव्हता.

लिहिलं. हे कुणी वाचणार न्हाई, म्हणून सगळंच लिहितो.

त्या दिवशी परतूरला मित्राचं लग्न होतं. दुपारी अडीचला वरात निघाली. मी म्हणलं पाचपर्यंत टाइम हाय, अर्धा तास नाचू, फॉर्म काय दहा मिनिटांत जातो. लॅपटॉप गाडीच्या डिक्कीत होता, नेट मोबाईलवर. तीन वाजता आदिनाथचा फोन आला. सव्वातीनला आला. मंग येतच राह्यला. मोबाईल शर्टच्या खिशात होता, छातीवर. डीजे किती मोठा असला तरी छातीवरचा मोबाईल कळतो. मला प्रत्येक वेळी कळला.

मी उचलला न्हाई. का, ते पण लिहितो. त्या वर्षी आमच्या घरात सगळे त्याचंच बोलत होते. पाहुण्यांत, लग्नात, हा आमचा आदिनाथ, पायलट होणार. माझ्याकडं बघून म्हणायचे, आणि हा संपत, झेरॉक्स काढतो. वरातीत नाचता नाचता डोक्यात आलं, एवढी काय घाई लागलीय ह्याला आभाळात जायची. एक दिवस थांबू दे की. एवढंच आलं डोक्यात. पाच कवा वाजले ते मात्र मला बरोबर माहीत होतं, मी घड्याळ बघितल्तं.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, सर्व्हर डाऊन. तो म्हणाला, बरं संपतभाऊ, पुढल्या साली. एवढं म्हणून जालन्याला कारखान्यात लागला. ऑक्टोबरात त्या रोडला गेला. फॉर्म गेला असता तर त्या सकाळी तो त्या रोडला नसता.

लई वाईट केलं मी. लई वाईट.

तो समोर बसलाय. फाईल उघडून दाखवून राह्यला की सगळे कागद बराबर हायेत.

१ ऑक्टोबर, मंगळवार.

प्लॅन: काकूला उद्या सांगायचं. जेवायच्या आधी, कारण जेवून सांगणं बरोबर न्हाई. वाक्य पाठ केलंय. काकू, फॉर्म मी भरला न्हाई आणि मी पायलट होणार न्हाई, रान मोडू नको. साधनासमोर तीनदा म्हणून बघितलं. दोनदा न्हाईच्या जागी हो आलं.

तिनं मला जवळ घेतलं. लग्नाला पाच वर्ष झाली, असं दिवसाढवळ्या कधी घेतलं न्हाई.

२ ऑक्टोबर, बुधवार. सर्वपित्री. संध्याकाळी ६.

आष्टीला दहालाच पोचलो. सांगायला तोंड उघडलं तर काकू खिरीला बसली होती. मंग वडे. मंग कढी. मंग गवारीची भाजी, तिची फोडणी करपायला नको म्हणून थांबलो. असं करत पाट मांडला गेला.

पाय धुवायला काकाच आले. मला वाटलं न्हाई येणार. परात ठेवली, खाली बसले, माझे दोन्ही पाय हातात घेतले आणि धुतले. बोटांच्या फटीतून सुद्धा. घोट्यावर हात ठेवून ते तसेच बसले. त्यांच्या डोळ्यातलं पाणी परातीत पडून राह्यलं होतं आणि मी वर आढ्याकडं बघून राह्यलो होतो. मंग काकूनं गंध लावलं, टोपी घातली, म्हणाली, जेव आदिनाथ.

घास तोंडापर्यंत गेला न्हाई. मी पाटावरच सांगितलं. पाठ केलेलं वाक्य आलं न्हाई, भलतंच आलं, वरात, डीजे, छातीवरचा मोबाईल, घड्याळ, सगळं. काका तिथंच होते. मी रडून राह्यलो होतो आणि टोपी डोळ्यावर आल्ती.

काकूनं माझ्या ताटात कढी वाढली.

म्हणाली, "मला माहीत हाय. त्यानं त्याच दिवशी सांगितलं. कुणीतरी वरातीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवल्ता, त्याच्यात तू व्हतास. मला दाखवला. म्हणला, बघ आई, संपतभाऊ लई नाचला. हसत व्हता. म्हणला, त्याला बोलू नको, पुढल्या साली भरू."

मी विचारलं, मंग इतके दिवस बोलली का न्हाईस.

ती म्हणाली, "बोलले असते तर तू आला असतास का?"

मंग मी रानाचं काढलं. म्हणलं, मोडू नको काकू, मी काही पायलट होत न्हाई. ती म्हणाली, कोण मोडतंय. रान तुझ्या काकाच्या नावावर हाय, त्यांनी कधी दिलं असतं. रोज लोकांचे सातबारे काढतोस, आमचा काढून बघितला न्हाईस?

न्हाई बघितला. अख्ख्या तालुक्याचे काढले.

विचारलं, म्हंजे तुला कधी वाटलंच न्हाई का मी होईन म्हणून. काकूनं काकांकडं बघितलं. काका पहिल्यांदा जरा हसल्यासारखे झाले. म्हणाले, शिडीवर अडकल्याचं हुकमचंदशेटनं तवाच फोन करून सांगितल्तं.

काकू म्हणाली, "तू पायलट झालास काय, न झालास काय. दोन वर्ष ह्या घरात कुणी त्याचं नाव घेत न्हाई. तू येतोस, विमानाचं बोलतोस, म्हंजे त्याचंच झालं. मंग मी विचारत बसते."

मी जेवलो. सगळं. काकू वाढत राह्यली आणि मी न्हाई म्हणलो न्हाई. काकांनी दोन वडे आणखी टाकायला लावले. म्हणाले, आदिनाथला वडे आवडायचे. काकूचा हात तसाच थांबला. मंग तिनं चार टाकले.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना. दुपारी ४.

पायलटचा विषय संपला. फिजिक्सचं गाईड शेटजींच्या नातवाला देऊन टाकलं. टाइमटेबल फाडलं. दुकान लवकर उघडलं. एकूण हलकं वाटून राह्यलं, जेवण जड झालं तरी.

करिअर म्हणून बघितलं तर शंभर दिवस वाया.

आत्ता काकूचा फोन आल्ता. काका पण बाजूला होते, स्पीकरवर टाकलं होतं. म्हणाली, रविवारी येऊन राह्यला ना, पायलटचं मेडिकल असतं म्हणतात, त्याच्यात काय काय बघतात ते सांग. मी म्हणलं, काकू, ते तर काल संपलं की.

मंग काका म्हणाले, सांग की रे.

मी म्हणलं, आधी डोळे बघतात. मंग कान. मंग रंग ओळखायला देतात. त्याच्यानंतरचं नीट वाचून रविवारी सांगतो. पायलट व्हायचं का न्हाई, त्याचा निर्णय अजून व्हायचाय.